नाव लिहिण्याची गरज नाही

चूक कळवायच्या फॉर्मच्या वरच ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘नाव लिहिण्याची गरज नाही.’ त्याखाली तारीख, वेळ, विमानतळ आणि आपण डाव्या खुर्चीत होता की उजव्या, एवढंच विचारलं होतं. जळगावला कंपनीचं दिवसाकाठी एकच विमान यायचं. त्यात डावी खुर्ची एकच, आणि आज सकाळी तिच्यात कॅप्टन स्वप्नील बसला होता. नाव लपवायची ही युक्ती ज्या कुणाला सुचली, त्याला खरं तर शाल-नारळ द्यायला हवा.

झालं होतं असं. सकाळच्या धुरकट हवेत खाली एक काळीभोर, सरळसोट, मोकळी पट्टी दिसली आणि स्वप्नीलने विमान तिच्याच रोखाने खाली आणलं. तो निघाला नवा बायपास, उद्घाटनाची वाट बघत पडलेला. ऐन वेळी चूक ध्यानात आली. विमान पुन्हा वर गेलं आणि दुसऱ्या फेरीत धावपट्टीवर नीट टेकलं. प्रवाशांना त्याने वाऱ्याचं कारण सांगितलं. वारा बिचारा कुठे तक्रार करणार! जन्म जळगावातल्याच मेहरूणचा आणि गावचा रस्ता ओळखता आला नाही, याची लाज निराळीच होती.

चूक आपण होऊन सांगा, नोकरीला धक्का लागणार नाही, असं कंपनीचं वचन होतं. एकाने सांगितलं तर दुसरा सावध होतो, हे स्वप्नीललाही पटत होतं. उद्या कुणी त्याच पट्टीवर उतरायला गेला तर, या विचाराने तो फॉर्म पुन्हा पुढे ओढत होता. पण दोन वर्षांपूर्वी एका कॅप्टनने असाच फॉर्म भरला होता. त्याला कुणी काढलं नाही, नुसता त्याचा करार पुढे वाढवला नाही. स्वप्नीलचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. विमानतळावरच्या खोलीत शेजारी बसून सहवैमानिक नूतन पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती. ती पट्टी तिलाही धावपट्टीच वाटली होती.

तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार नवल सांगत आला, की बाहेर एक बाई ठाण मांडून बसल्या आहेत आणि विमान हाकणाऱ्याला भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. फॉर्म हातात घेऊनच दोघं बाहेर गेले. नवलही मागे येऊन उभा राहिला, त्याला गंमत चुकवायची नव्हती.

बाईंचं नाव झुंबरबाई. त्यांचा मुलगा युवराज याच विमानात सामान चढवायचा. विमानतळाजवळ धान्य वाळत घालू नका, पाखरं जमतात आणि विमानाला धडकतात, असं गावात कधीच सांगून झालं होतं. युवराजनेही आईला दहादा बजावलं होतं. पण बायपासचा एवढा गुळगुळीत रस्ता रिकामा पडलेला झुंबरबाईंना बघवेना. त्यांनी त्यावर मका पसरला. आज विमान डोक्यावर येऊन तसंच माघारी वर गेलेलं पाहिलं, आणि त्या तडक फाटकावर आल्या.

“मका मीच टाकेल व्हता, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पाखरं उडी गयात, म्हनीसन तुम्हनं विमान वर गयं. पोऱ्याले काहीच माहीत नही. मनं नाव लिखी ल्या.” त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

नूतनने स्वप्नीलकडे पाहिलं. “सर, पक्षी,” ती हळूच म्हणाली.

खरंच की. इतकं सोयीचं कारण मागूनही मिळालं नसतं. दोन ओळींत फॉर्म भरून झाला असता, पाखरांचा करार काही कुणी अडवणार नव्हतं, आणि गुन्हेगार तर स्वतःच्या पायांनी चालत आला होता. स्वप्नीलने खिशातलं पेन काढलं.

पेन पाहून झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. पदराला चिकटलेला भुसा त्यांनी झटकला.

“चूक मनी शे,” त्या म्हणाल्या. “मना पोऱ्यानी नोकरी जाई का?”

सकाळपासून स्वप्नील हेच स्वतःला विचारत होता. पण असं समोर उभं राहून, आपलं नाव सांगून कुणाला विचारायची त्याची छाती झाली नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने फॉर्म फाटकाच्या खांबावर धरला आणि जिथे गरज नव्हती तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं. नूतन बघतच राहिली.

“युवराजची नोकरी कुठे जात नाही, अक्का,” तो म्हणाला. “पाखरं मला दिसलीच नाहीत. तुमचा मका दिसला, म्हणून कळलं की हा रस्ता आहे. नाहीतर सत्तर माणसं घेऊन मी तिथेच उतरलो असतो.”