चोवीस इंच

केझायाने पटाशी शवपेटीच्या झाकणाखाली घातली, तेव्हा अब्नरने तिचं मनगट धरलं.

"हात सोड," ती म्हणाली. "नाहीतर पोलिसाला आणते आणि त्याच्यासमोर उघडते."

पेटीत लिडिया होती. केझायाची धाकटी बहीण, अब्नरची बायको. तिला त्याने एकट्याने आंघोळ घातली, कपडे घातले आणि झाकणाला खिळे ठोकले. शेजारणींनाही आत घेतलं नाही. क्षयाने गेली, एवढंच सांगितलं.

केझायाचा त्यावर विश्वास नव्हता. पोर्ट्समथमधल्या कितीतरी बायकांची कंबर आवळायची कॉर्सेट तिने शिवली होती. लिडियाचं लग्नातलं कॉर्सेटही तिनेच शिवलेलं. कुणाच्याही कमरेभोवती हात टाकला की तिला माप कळायचं. मागच्या हिवाळ्यात केझायाच्या दोन मुली क्षयाने गेल्या. तेव्हापासून त्यांची मावशी लिडिया चर्चला जाताना तोंडावर दुखवट्याची काळी जाळी घ्यायची. दर रविवारी चर्चच्या दारात केझाया तिला कवेत घ्यायची.

"मे महिन्यात चोवीस इंच. गेल्या रविवारीही चोवीस," केझाया म्हणाली. "क्षय काय असतो ते तू मला सांगतोस? माझ्या पोरींच्या काड्या झाल्या होत्या. माझे हात खोटं बोलत नाहीत. काय चारलंस तिला?"

अब्नर गोदीत शिडं शिवायचा. बोलणं त्याला जमत नसे. ती गल्लीभर काय सांगत फिरते ते त्याच्या कानावर आलं होतं. तेही त्याने ऐकून घेतलं होतं. पण पटाशी पुन्हा आत गेली आणि पहिला खिळा करकरला, तसा तो वळला. त्याने कपड्यांच्या पेटाऱ्यातून लिडियाचं कॉर्सेट काढलं आणि झाकणावर ठेवलं.

"हे बघ. तिला नको बघूस."

केझायाने ते उचललं. मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे टाके बघून ती हसली. हे काय जहाजाचं शीड वाटलं का तुला, म्हणाली. नाजूक वस्तू तुझ्या हाती द्यायचीच नव्हती, हे मी आईला तेव्हाच सांगितलं होतं.

मग तिने ते उलटं केलं.

आत कापूस भरून अस्तर शिवलं होतं. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. ती मोजत गेली आणि मध्येच थांबली. तिने पुढचे हूक लावले, पाठीची दोरी ओढली आणि गळ्यातली टेप आतल्या बाजूने फिरवली. टेप सतरा इंचांवर जुळली. तिने पुन्हा मोजलं.

पटाशी झाकणावरून घसरून खाली पडली. ती कुणीच उचलली नाही.

"दोन पोरींनंतर तिसरी तुला बघवणार नाही, म्हणाली ती," अब्नर म्हणाला. "म्हणून दर शनिवारी एक थर वाढवायचो. रविवारी तू तिला कवेत घ्यायचीस ना."