मारुतीचा नारळ

बेचाळीस सालच्या चैतात अंड्याएवढ्या गारा पडल्या. तरी तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन ठकू शेतातून धडधाकट घरी आली.

"कुठं थांबली हुतीस गं?" सासूनं विचारलं.

"मारुतीच्या देवळात," ठकू खाली मान घालून म्हणाली.

"मारुतीरायानंच राखलं माझ्या नातीला!"

दुसऱ्या दिवशी सासूनं मारुतीला नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा ठकूनं न खाता पदराच्या गाठीत बांधला. देवळाच्या पायरीवरून वेशीबाहेरची यल्लव्वा वडारीण दिसत होती. तिच्या डुकरांच्या दगडी खोपीत जागा ती केवढीशी! काल या मायलेकींना आत घ्यायला तिनं डुकरीण आणि पिल्लं भर गारांत हाकलली होती.



आता ती सात पिल्लांना पुरायला खड्डा खणत होती.