अर्धा गोठलेला पडदा

सकाळी नऊ वाजता नवरा-बायकोच्या संगणकांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली. कर्करोगाचं औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलं होतं. अंगाच्या उबेने पिशवीचा पडदा वितळला, तर औषध वाटेतच सांडणार. बायकोने गणित गोठलेल्या पडद्यापासून सुरू केलं होतं. तो गोठलेलाच राहिला. नवऱ्याने वितळलेल्यापासून केलं. त्याचा वितळलेलाच राहिला. “तापमान सदतीसच टाकलंस ना?” तिने विचारलं. “तूच बघ की.” डॉक्टरांचा फोन आला. “पेशंट समोर बसलीय, औषध बर्फात आहे. सुई देऊ का?” “थांबा,” दोघंही म्हणाली. बायकोने संगणकावर तिसरा पडदा मांडला, अर्धा गोठलेला, अर्धा वितळलेला. “जी बाजू मागे सरेल ती हरली.” “आपल्याकडे कोणी मागे सरतं का?” तो म्हणाला. संध्याकाळी पाचला दोन्ही अर्ध्यांमधली सीमारेषा होती तिथेच होती. औषधाभोवतीचा बर्फ वितळला होता. पेशंट बसूनच होती.