इमानदार गेम

पुण्याहून आलेल्या नातीने स्वतः बनवलेला अष्टाचंग्याचा गेम फोनवर उघडून माझ्या हाती दिला. “आजी, खेळून सांग, कसा जमला? किती स्टार देशीन?” खामगावच्या घरात चाळीस वर्षं, हे जाईपर्यंत, आम्ही दोघं रोज दुपारी चिंचोके टाकून खेळलो आणि बहुतेक मीच जिंकले. माझी सोंगटी आयती समोर यायची, तरी हे ती न मारता भलतीच चाल खेळायचे. “चष्मा लावा हो, दिसत नाही तुमाले!” मी चिडवायची. फोनने मात्र माझी एकही सोंगटी सोडली नाही. मी पाचही डाव हरले. “काऊन रडून राह्यली, आजी? सोपा करू काय?” “नको बाई. तुहा गेम इमानदार आहे. पाच स्टार.” फोन ठेवून मी गोधडी शिवायला घेतली. सुईत दोरा जाईना. तो शेवटपर्यंत हेच ओवून देत, तेही चष्म्याशिवाय.