हलका हात

संस्थान विलीन झालं तरी त्याच्या पागेत दळवी मास्तर अजून घोडेस्वारीचे शिक्षक घडवीत होते. आज परीक्षा होती आरोंद्याच्या मच्छीमाराच्या मुलाची, भिवाची. घोड्याने मान कमानीसारखी वाकवून जागच्या जागी नाचरी पावलं टाकली. पांढरे हातमोजे घातलेले परीक्षक म्हणाले, "लगामावर हात फार हलका आहे. सनद दिली." भिवा ऐटीत उतरला, घोड्याच्या तोंडाचा फेस पुसू लागला. फेस लाल होता. लगाम काढला तर तोंडातल्या कडीला तार गुंडाळलेली. तिने जीभ चिरली होती. तार त्याच्या बापाचीच, मोरी मासे धरायच्या गळाची. 'खोगीर शिवूक व्हयी' म्हणून मास्तरांनीच मागून घेतलेली. "गप रव," मास्तर कानाशी पुटपुटले, "सगळे असाच करतत." भिवाने कडीवरची तार उलगडून काढली. त्याने लाळेरक्ताने बरबटलेली तार परीक्षकांच्या हातमोज्यावर ठेवली. "हा घ्या, साहेब, माझा हलका हात."