तांडेलाची खबरदारी

मागच्या खेपेला बैलाची लाथ बसून एक खलाशी महिनाभर अंथरुणाला खिळला होता. म्हणून १९५७ साली सुगंधाचा नवा बैल कर्लीच्या खाडीपलीकडे न्यायची वेळ आली, तेव्हा होडीचा प्रमुख जानू तांडेल फार सावध होता. पेरणी तोंडावर आली होती आणि सुगंधा पलीकडच्या काठावर सकाळपासून वाट बघत उभी होती.

बैलाला होडीच्या मधोमध बांधून जानूने तिघा खलाशांना बजावलं, "शिंगांच्या फुड्यात रवू नकात, पाठीमागे रवू नकात. जितके लांब रवशात तितके बरे!"

खाडीच्या मध्यावर बैलाने नुसती मान हलवली. तांडेलासकट चौघेही घाबरून एकाच कडेला सरकले, होडी कलली आणि चौघे धपाधप पाण्यात पडले. हलकी झालेली होडी पुन्हा सरळ झाली आणि भरतीच्या ओढीने बैलाला घेऊन थेट सुगंधाच्या पुढ्यात येऊन लागली.

तिने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, पोहत येणाऱ्या चार डोक्यांकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं,

"अवो तांडेल, बैल पावलो! तुमका आणूक आता ह्येकाच धाडू काय?"