सुतकाचं पत्र

कुंडलिकची बायको प्रयागबाई बारामतीच्या दवाखान्यात वारली, ही खबर कळंबला आली त्याच दुपारी त्याने मुलाला, संभाजीला, पत्र टाकलं. पाकिटावर पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत संभाजीवर वॉरंट निघालं होतं. दोन महिने तो लपून होता, आणि या घरची पत्रं पोलीस फोडून वाचतात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कुंडलिकला ते आठवलं मुलाच्या जागी स्वतः अग्नी देऊन घरी परतल्यावर. टपाल तोवर गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो सावडून आला, तर ओट्यावर हवालदार सर्जेराव बसलेला. कुंडलिकचे पाय जागीच थांबले. पोरगा सापडला, त्याला वाटलं.

“धरला का त्याला?”

“कशाचा धरतोय!” सर्जेरावाने टोपी काढली. “आबा, तुमचं पाकीट मी घरी नेलं हुतं. चहाच्या किटलीवर धरून उकललं. पयली ओळ मोठ्यानं वाचली, तशी बायको किंचाळली. पोराबाळांच्या घरात सुतकाचं पत्र! आधी फाडा म्हनली. आपल्यात असलं ठेवत न्हाईत, तुमास्नी ठावं हाय. फाडलं, पाकिटासकट. वड्यात सोडलं अन् डोक्यावरनं पानी घेतलं.”

“अन् पत्ता?”

“पत्ता उतरून घ्यायच्या आधीच फाडलं की! फौजदार बोंबलतोय. तेवढा पत्ता सांगा.”

कुंडलिक भिंतीला टेकून खाली बसला.

“लोकांची पत्रं फोडायची, हे घटनेत बसतं व्हय, सर्जेराव?”

“घटना दिल्लीत हाय, आबा. हितं फौजदार हाय.”

“मग फौजदाराला सांग, म्हाताऱ्याचं डोकं ठिकानावर न्हाय. पत्ता इसरला.”

सर्जेरावाने टोपी घातली.

“तसंच सांगतो. काकू लई चांगली हुती,” म्हणाला, आणि सायकल घेऊन गेला.

शेजारच्या साखरबाईने भाकरी-पिठलं आणून ठेवलं होतं. तीन दिवसांत कुंडलिक पहिल्यांदा पोटभर जेवला. हात धुताना त्याने बोटांवर मोजलं. दहाव्याला सात दिवस उरले होते. संभाजीला आई गेल्याचं अजून कळवायचं होतं.